‘गैरवापर झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

दिवाळीत अमरावतीला घरी आले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी राजापेठेतल्या आमच्या गल्लीतले एक काकाजी दारात उभे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक, आधारची झेरॉक्स आणि हाताने लिहिलेला एक अर्ज.

“बेटा, तू कंप्युटरवाली आहे ना? हा अर्ज पाहून दे बरं. बँकवाले म्हन्तात पोलिसात जा, पोलिसवाले म्हन्तात बँकेचं स्टेटमेंट आन. दोन दिवसांपासून नुसत्या चकरा सुरू आहेत माह्या.”

अर्जात मुद्द्याचं वाक्य एकच होतं: ‘माझ्या बँक खात्याचा गैरवापर झालेला असून माझे ३९,००० रुपये परत मिळावेत ही नम्र विनंती.’

मी विचारलं, “काकाजी, ओटीपी कोणाला सांगितला होता का?”

“नाई बाप्पा! ओटीपी कोनाले सांगाचा नाई, एवढं समजते मले.”

मग हळूहळू पूर्ण गोष्ट बाहेर आली. व्हॉट्सॲपवर गाडीच्या चलानचा मेसेज आला होता, सोबत एक फाइल. त्यांनी ती दाबली, फोनने दोन-तीन वेळा ‘अलाउ’ विचारलं, ते दाबलं, आणि पुढे काहीच उघडलं नाही. रात्री पैसे कटल्याचे दोन मेसेज आले. ते त्यांनी सकाळी पाहिले.

म्हणजे काकाजींनी ओटीपी सांगितला नव्हता. ती फाइल एक ॲप होतं आणि त्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली होती. ओटीपी फोनवर आला आणि ॲपने तो परस्पर पुढे पाठवला. पण ‘खात्याचा गैरवापर झाला’ या वाक्यातून हे कोणालाच कळत नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने गृहीत धरलं की यांनी ओटीपी दिला असणार. पोलीस ठाण्यात गृहीत धरलं की हा बँकेचा अंतर्गत विषय आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्याकडे काही गडबड झाली की सिस्टीममध्ये तिकीट टाकावं लागतं, आणि त्यात पहिलाच ड्रॉपडाउन असतो प्रकाराचा. मिसयूज, अब्यूज, अनऑथोराइज्ड ॲक्सेस, फ्रॉड, डेटा लीक. चुकीचा प्रकार निवडला की तिकीट चुकीच्या टीमकडे जातं आणि तिकडेच पडून राहतं. काकाजींच्या अर्जाचंही तेच झालं होतं.

म्हणून आज हा एक शब्द नीट उलगडून बघूया. इंग्रजी सुधारायला नाही. पैसे, सिमकार्ड, आधार, फोटो यातलं काहीही चुकीच्या हातात गेलं, तर तक्रार कोणाकडे करायची, नुकसान कोण भरणार आणि कलम कोणतं लागणार, हे बऱ्याच अंशी या शब्दावर ठरतं.

एका शब्दात किती गोष्टी?

मराठी बातम्या बघा. आधारचा गैरवापर, सिमकार्डचा गैरवापर, योजनेचा गैरवापर, अधिकाराचा गैरवापर, सोशल मीडियाचा गैरवापर, एआयचा गैरवापर. प्रत्येक ठिकाणी घडलेली गोष्ट वेगळी, शब्द तोच.

शब्द चुकीचा नाही. ‘गैर’ म्हणजे योग्य नसलेलं, त्यामुळे अयोग्य वापर तो गैरवापर. अडचण अशी की हा शब्द कोणी केलं ते सांगत नाही, त्याला परवानगी होती की नव्हती ते सांगत नाही आणि नुकसान कोणाचं झालं तेही सांगत नाही. आता एकेक प्रकार घेऊ.

१. चावी दिली होती, पण दुसऱ्या कामासाठी: मिसयूज

हॉटेलमध्ये खोली घेताना तुम्ही आधारची झेरॉक्स दिली. ती ओळख पटवायला दिली. त्याच झेरॉक्सवर कोणी सिमकार्ड काढलं, तर कागद चोरीला गेला नव्हता, तुम्हीच दिला होता. उद्देश बदलला. हा खरा गैरवापर.

तंत्रज्ञानाच्या जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण. फेसबुकवर एक व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप होतं. ते सुमारे २.७ लाख लोकांनी घेतलं, पण तेव्हाच्या नियमांप्रमाणे ॲपला त्या लोकांच्या मित्रांचीही माहिती मिळत होती. फेसबुकच्याच अंदाजानुसार तो आकडा ८.७ कोटींपर्यंत गेला आणि त्यात भारतातले ५.६ लाखांहून जास्त होते. ही माहिती राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे पोचली.

प्रकरण बाहेर आल्यावर फेसबुकने एका गोष्टीवर भर दिला: याला डेटा ‘ब्रीच’ म्हणू नका. कोणी कुलूप तोडलेलं नाही, ॲपला माहिती नियमानुसारच मिळाली होती, नंतर ती नियम मोडून तिसऱ्याला दिली गेली. शब्दावरून एवढा वाद का? कारण ‘ब्रीच’ म्हटलं की कुलूप कच्चं होतं, म्हणजे जबाबदारी कंपनीची. ‘मिसयूज’ म्हटलं की दोष ज्याला चावी दिली त्याचा. पण एवढ्या लोकांची चावी एका चाचणीच्या ॲपला देणारे नियम फेसबुकचेच होते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

मोठ्या कंपन्यांचे वकील हा फरक व्यवस्थित ओळखून असतात. आपणही ओळखायला हवा.

२. चावी दिलीच नव्हती: अनधिकृत प्रवेश

याला मराठीत सरळ शब्द आहे, घुसखोरी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ याच मुद्द्यावर उभं आहे: मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याच्या परवानगीशिवाय. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं आणि तो फौजदारी गुन्हा होतो.

महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या मध्ये आपली बनावट यंत्रणा बसवली आणि मग क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले. इथे कार्डधारकाने कोणाला काही सांगितलं नव्हतं, तो घरी झोपला होता. याला ‘एटीएम कार्डांचा गैरवापर’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल ग्राहकांनी पिन दिले असतील. दरोडा बँकेच्या यंत्रणेवर होता. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

याच ठिकाणी ‘एक्स्प्लॉइट’ हा शब्दही ऐकू येतो. बोलीत एक्स्प्लॉइट म्हणजे माणसाचं शोषण. सिक्युरिटीत मात्र एक्स्प्लॉइट म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कच्च्या जागेचा फायदा घेणारा कोड. दार बंद आहे, पण बिजागरी ढिली आहे, तिथून आत शिरायची युक्ती.

३. नियमात बसलं, पण सगळ्यांचं नुकसान झालं: अब्यूज

मराठीत ‘अब्यूज’ म्हटलं की आपल्याला शिवीगाळ किंवा अत्याचार आठवतो. नेटवर्कवाल्यांसाठी अर्थ वेगळा. १९९७ च्या आरएफसी २१४२ या तांत्रिक दस्तऐवजात प्रत्येक डोमेनने कोणते ईमेल पत्ते ठेवावेत याची यादी आहे आणि त्यात ‘अब्यूज’ नावाचा पत्ता आहे. स्पॅम किंवा तुमच्या नेटवर्कवरून होणारा त्रास कळवायचा पत्ता. आजही वापरतात.

इथे कुलूप तुटलेलं नसतं. सोय सगळ्यांसाठी उघडी असते आणि कोणीतरी ती ओरबाडतं.

याचं उदाहरण मी स्वतः आहे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लस सुरू झाली, कोविनवर स्लॉट उघडले की मिनिटात संपायचे. कोविनचा सार्वजनिक एपीआय होता. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, स्लॉट दिसला की फोनवर अलर्ट. माझ्यासारख्या हजारो जणांनी लिहिली होती. आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट लिंक्डइनवर टाकलं. पण ज्याच्याकडे स्मार्टफोनच नव्हता, त्याच्या गावच्या केंद्रावरचे डोस शहरातून गाडी करून आलेले लोक घेऊन जात होते. मी काही हॅक केलं नव्हतं. एपीआय उघडा होता, माझं नाव खरं होतं. तरी ती सोय ज्यांच्यासाठी होती त्यांना मागे टाकून मी पुढे गेले. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, घुसखोरी म्हणता येणार नाही. अब्यूज म्हणता येतं. मराठीत ‘सवलतीचा दुरुपयोग’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं.

४. माझं नाव, दुसऱ्याचा चेहरा: तोतयागिरी

या प्रकारासाठी मराठीकडे इंग्रजीपेक्षा झणझणीत शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याचं सांगत एक तोतया उभा राहिला, त्याने काही वर्षं पेशवाईला घोर लावला आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. तेव्हा चेहरा आणि साक्षीदार यांवर ओळख पटायची. आता आधार क्रमांक, मोबाइल आणि ओटीपी यांवर पटते.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतलं साताऱ्याचं प्रकरण गाजलं. वेगवेगळ्या महिलांचे आधार क्रमांक वापरून एकाच ठिकाणाहून सुमारे ३० अर्ज भरल्याचा तो आरोप. उघडकीला आलं कसं? एका महिलेने स्वतःचा अर्ज भरायला घेतला, तर तिच्या नावाने अर्ज आधीच भरलेला. बातम्यांत ‘आधारचा गैरवापर’ असंच आलं. पण कायद्यात याला नेमकं नाव आहे. दुसऱ्याचा पासवर्ड, डिजिटल सही किंवा ओळख पटवणारी खूण अप्रामाणिकपणे वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी. दुसराच कोणी असल्याचं भासवून संगणक किंवा फोनवरून फसवलं तर ६६ डी. दोन्हीत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

५. विश्वासाने दिलं, त्याने खाल्लं: अपहार

हा शब्द आपण सहकारी पतसंस्थांच्या बातम्यांत लहानपणापासून वाचतो. अपहार, अफरातफर. इंग्रजीत मिसॲप्रोप्रिएशन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१४ अपहाराचं, ३१६ विश्वासघाताचं म्हणजे कायद्याच्या भाषेतल्या न्यासभंगाचं आणि ३१८ फसवणुकीचं आहे. तिन्हीत फरक आहे. फसवणुकीत पैसे देण्याआधीच समोरच्याने खोटं सांगितलेलं असतं. अपहारात आणि न्यासभंगात वस्तू त्याच्याकडे सरळ मार्गाने आलेली असू शकते, नियत नंतर फिरते.

एक आकडा, आत अनेक गोष्टी

आता हे प्रकार डोक्यात ठेवून एक बातमी परत वाचू. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं विभागांच्या माहितीवरून दिसतंय. चौकाचौकात आणि व्हॉट्सॲपवर यावर लगेच शिक्का बसला: ‘योजनेचा गैरवापर’.

त्या आकड्यात कोण कोण होतं? काही जणी एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेत होत्या. काही घरांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होत्या. काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज केले होते. आता तिसऱ्या सुनेने अंगणवाडीत सांगितलं तसा फॉर्म भरला, ही नियम न कळल्याने झालेली चूक असू शकते. पुरुषाने बाईच्या योजनेत नाव घालणं ही बहुधा फसवणूक. आणि जिचा आधार दुसऱ्यानेच वापरला ती तर पीडित आहे. तिघांना एकाच शब्दात टाकलं की पीडित बाईवरही संशय येतो आणि सराईत माणूस गर्दीत लपतो.

सॉफ्टवेअर म्हणून बघितलं तर अर्ज स्वीकारताना न झालेली तपासणी ही यंत्रणेची त्रुटी आहे. एका मोबाइलवरून ३० अर्ज येतात तेव्हा थांबवायला साधा नियम पुरतो. ‘लोकांनी गैरवापर केला’ म्हटलं की हा प्रश्न कोणी विचारत नाही.

सरकारी कागदावरचा ‘गैरवापर’

हा शब्द फक्त आपण तक्रारदारच ढोबळपणे वापरतो असं नाही.

२७ मे २०२२ ला यूआयडीएआयच्या बेंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने सूचना काढली: आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार वापरा. सूचना पसरली, लोक घाबरले. इतकी वर्षं हॉटेलांपासून सिमच्या दुकानापर्यंत दिलेल्या झेरॉक्सचं काय? दोनच दिवसांत, २९ मेला, केंद्र सरकारने गैरसमज होण्याची शक्यता असल्याचं सांगत ती मागे घेतली आणि नेहमीसारखी खबरदारी घ्या म्हटलं. कसला गैरवापर, कोण करू शकतो, त्याने किती नुकसान होतं हे त्या सूचनेत असतं, तर ना घबराट झाली असती ना ती मागे घ्यावी लागली असती. मास्क्ड आधारचा सल्ला मात्र तेव्हाही बरोबर होता, आजही आहे.

दुसरं उदाहरण आपल्या शहराचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली आणि मोबाइल इंटरनेट बंद झालं. अफवा थांबवण्याची गरज खरी होती, ते मी नाकारत नाही. पण तेव्हा मी घरून काम करत होते आणि घरात इंटरनेट म्हणजे माझाच हॉटस्पॉट. समोरच्या चहावाल्याचं यूपीआय बंद, बहिणीचा ऑनलाइन क्लास बंद. सोशल मीडियावर अफवा पसरवणं हे काही लोकांचं काम होतं आणि बंद झालं ते सगळ्यांचं. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात म्हणूनच सांगितलं आहे की इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करायला हवेत, बंदी बेमुदत नको आणि गरजेच्या प्रमाणातच हवी. ‘गैरवापर’ हा शब्द जेवढा सैल, तेवढं हे प्रमाण मोजणं अवघड.

सैल शब्द कायद्यातच शिरला तर काय होतं हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यात लावलेलं कलम होतं ६६ ए. ऑनलाइन त्रास देणाऱ्यांसाठी आणलेलं, पण ‘त्रासदायक’ आणि ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. गैरवापर रोखायला केलेल्या कलमाचाच गैरवापर झाला, असं तेव्हा सगळेच म्हणाले.

मग काकाजींचे पैसे?

आता परत राजापेठेत येऊ, कारण शब्दाची खरी किंमत इथे कळते.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला आलं. त्यातला कळीचा शब्द आहे ‘अनधिकृत’ इलेक्ट्रॉनिक व्यवहार. चौकट थोडक्यात अशी:

चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडे कुठे तरी असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तरी भार शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित भार, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे.

आता बघा. काकाजींच्या अर्जात ‘अनधिकृत’ हा शब्द नव्हता, ओटीपी दिला नाही हे नव्हतं, ॲपचा उल्लेख नव्हता, तारीख-वेळ नव्हती. आणि घड्याळ चालू होतं. ते दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले होते, पण तोंडी बोलून परत आले. हातात पोच नाही, म्हणजे कागदावर ते गेलेच नाहीत.

ही केस सरळ आहे असं मी म्हणणार नाही. अनोळखी ॲप टाकून परवानगी देणं हा निष्काळजीपणा आहे, असं बँक म्हणू शकते. पण ओटीपी स्वतः सांगणं आणि फसवून टाकलेल्या ॲपने तो उचलणं यात फरक आहे, आणि तो मांडायचा हक्क त्यांना आहे. ‘गैरवापर’ लिहून त्यांनी तो मुद्दा मांडायच्या आधीच सोडून दिला होता.

याची उलटी बाजूही सांगते. गेल्या काही वर्षांत कॉलेजच्या पोरांना ‘तुझं खातं दे, महिन्याला कमिशन घे’ असं सांगणारे फिरतात. फसवणुकीचे पैसे फिरवायला लागणारी ही खाती, ज्यांना ‘म्यूल’ म्हणतात. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर डॉट एआय नावाची यंत्रणा बनवली, तिची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. पोलीस दारात आले की पोरगा म्हणतो, माझ्या खात्याचा गैरवापर झाला. नाही. खातं, एटीएम कार्ड आणि सिम तू स्वतः भाड्याने दिलंस. इथे हा शब्द वाचवत नाही.

तक्रार लिहिताना चार प्रश्न

तक्रार लिहिण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर काढा.

एक, काय गेलं? पैसे, माहिती, ओळख की फोटो. दोन, परवानगी होती का? असेल तर कोणाला, कशासाठी. तीन, कोणत्या मार्गाने? फोन, लिंक, ॲप, झेरॉक्स, ओळखीचा माणूस. चार, तुम्हाला कधी कळलं आणि तुम्ही कधी, कोणाला कळवलं?

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग अर्ज. पैसे पुढच्या खात्यात थांबवायची संधी सुरुवातीच्या तासांतच जास्त असते. त्याच दिवशी बँकेला लेखी किंवा ईमेलने कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथीवर बघता येतं आणि नको असलेलं तिथूनच कळवता येतं. माहिती बाहेर गेली असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ लक्षात ठेवा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षा नीट ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही. म्हणून स्वतःच्या नुकसानीसाठी बँक आणि पोलीस तक्रार नीट असणं अजूनच महत्त्वाचं.

काकाजींचा अर्ज आम्ही परत लिहिला:

‘अमुक तारखेला दुपारी मला व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने एक फाइल आली. ती उघडल्यावर माझ्या फोनवर माझ्या नकळत एक ॲप बसले व त्याने माझे एसएमएस वाचले. त्याच रात्री माझ्या खात्यातून दोन अनधिकृत व्यवहारांद्वारे ३९,००० रुपये गेले. हे व्यवहार मी केलेले नाहीत. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मी कोणालाही सांगितलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाखेत येऊन तोंडी कळवले होते. कृपया या अर्जाची पोच द्यावी.’

फोनमधलं ते ॲप काढण्याआधी आम्ही त्याचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घेतले. १९३० ला फोन लावला. दुपारी काकाजी बँकेत गेले आणि शिक्का मारलेली पोच घेऊन आले. तो तिसरा कामकाजाचा दिवस होता.

पुढच्या आठवड्यात कळलं की ११,००० रुपये एका खात्यात थांबवून ठेवले आहेत. बाकीचे पुढे निघून गेले. बँकेचा लेखी निर्णय अजून यायचा आहे. मी पुण्याला परत आले आहे आणि काकाजी दर रविवारी फोन करून विचारतात, “काई आलं का वं बेटा, त्या अनधिकृतचं?”